अंगरखा की अचकन

“ते सगळं खरं, महाराज. पण दोहोंत खानदानी कोण?”

टेकडीवरच्या मठात सोमगिरी गोसावी ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते.

“कोण दोघं?”

“अंगरखा आणि अचकन.”

एवढ्यासाठी तरुण सरदार भवानजीराव घाट चढून आले होते. वडील गेल्यानंतरचा त्यांचा पहिला दरबार उद्या होता. आईसाहेबांनी थोरल्या सरकारांचा अंगरखा आणि पगडी काढून ठेवली होती. सासऱ्यांनी नवी कोरी अचकन आणि जरीचा फेटा धाडला होता. अंगरखा घातला तर सासरे रुसणार, अचकन घातली तर आईसाहेब अन्न सोडणार. आणि काहीही घातलं तरी भरल्या दरबारात लोक आपल्याला हसणार, या धास्तीने बिचाऱ्याची झोप उडाली होती.

“घालून पाहिलंस?”

“पाहिलं. पण आरशात मीच दिसतो, महाराज. कपडे दिसतच नाहीत. म्हणून नोकरांना घालून आणलंय.”

गोसाव्यांनी आता मान वर केली.

अंगणात कोंडाजी अंगरखा-पगडीत उभा होता आणि सुभान्या अचकन-फेट्यात. वाटेत गावकऱ्यांनी या दोघांनाच मुजरे केले होते. दोघांनी ते खुशाल घेतले होते, आणि घाट संपेपर्यंत चांगलेच फुगले होते.

“घोंगडी एकच आहे,” गोसावी म्हणाले. “मानकऱ्यानं बसावं.”

दोघेही पुढे सरले.

“मागं हो,” कोंडाजी म्हणाला. “तुझी अचकन शिवली नव्हती, तवापासनं हा अंगरखा दरबारात बसतोय.”

“म्हणूनच बगलेत उसवलाय,” सुभान्या म्हणाला.

झालं, दोघांची जुंपली. भवानजीराव “अरे, थांबा” म्हणून बघत होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी कोंडाजीने सुभान्याला कोपराने बाजूला सारलं. पायातले जोडे काढले आणि मागे न पाहताच हात लांब केला. अगदी थोरल्या सरकारांच्या थाटात.

“धर रे.”

भवानजीरावांनी जोडे धरले.

लहानपणापासून वडिलांचे जोडे ते असेच धरत आले होते. समोर तीच पाठ होती, तोच अंगरखा होता. हात आपोआप पुढे झाला.



कोंडाजीने वळून पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तो पगडीसकट धन्याच्या पायांवर कोसळला. सुभान्या फेटा काढून हातात धरून उभा राहिला.

भवानजीरावांचे कान लाल झाले होते. चिडावं की रडावं, हेच त्यांना कळेना.

“महाराज… मग उद्या मी काय घालू?”

गोसाव्यांनी शेंगांची टोपली बाजूला केली.

“आधी जोडे खाली ठेव.”