साखर गळणारं रान

एका राज्यात एक रान होतं, आणि त्या रानातल्या पानांवर साखर गळायची. पहाटे पानं चकाकत. बोट लावावं तर चिकटे, जिभेला लावावं तर गोड. देवाच्या नैवेद्याला तीच साखर, राजाच्या खिरीलाही तीच.

नुकतंच लग्न झालेला राजपुत्र सुकेतू एकदा ती पानं चाटत होता. रानाचा धनी, कपिलजट जादूगार, पुढे आला.

"ही साखर येते कुठून?" त्यानं विचारलं.

"मला काय त्याचं? गोड आहे ना!"

"मग हो झाड. भरसभेत कुणी खरं कारण सांगेल तेव्हा सुटशील. उत्तरं तीन. तिसरंही चुकलं, तर कायमचा झाड."

सुकेतू झाड झाला. राजाला ही अट कळली, तशी त्यानं रानातच सभा भरवली.

ज्योतिषी म्हणाले, "चंद्राचं अमृत." झाडाच्या फांद्या वाळल्या.

वैद्य म्हणाले, "वृक्षाचे अश्रू." निम्मं खोड वाळलं.

तिसऱ्यांदा बोलायला कुणी धजेना.

सुकेतूची बायको पद्मरेखा सासऱ्यांसमोर कधी बोललीच नव्हती. ती झाडाखाली जाऊन बसली. उघड्यावर पदर पसरून पाहिला, तो कोराच राहिला. म्हणजे आभाळातून नाही. मग तिनं पान उलटवलं. तिळाएवढे किडे सोंड खुपसून रस पीत होते, आणि मागून एकेक चमकता थेंब सोडत होते.

फांदीवरची साळुंकी वाकून बघू लागली. "अगंबाई! आणि हे महाराजांच्या खिरीत? सासऱ्यांना सांगशील कशी?"

"तेच तर!"

पद्मरेखा सभेत उभी राहिली. "मामंजी, हा इवला किडा झाडाचा रस पितो. रस उदंड, त्याचं पोट एवढंसं. उरलेली साखर तो..."

"तो काय?"

"मागच्या बाजूनं टाकतो."

राणीनं तोंडाला पदर लावला.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं..."

"होय, मामंजी."

कडाड् करून साल फुटली आणि सुकेतू बाहेर आला. कपिलजटानं हात जोडले. वाळलेल्या फांद्यांना पालवी आली.

राजानं एक पान उलटवून बराच वेळ पाहिलं. "एवढासा जीव, आणि झाडातून साखर काढतो! आमच्या मुदपाकखान्यात कुणाला जमेल? या रानाला कुणी कुऱ्हाड लावू नये."

परतताना सुकेतू हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं. सारख्या गुदगुल्या व्हायच्या. पण तू हे बाबांसमोर बोलशील, असं नव्हतं वाटलं."

"तुम्हाला घरी न्यायचं होतं. नाहीतर मी कशाला बोलते!"

रान हिरवं राहिलं, राजपुत्र माणसात आला, सून बोलती झाली. ऐकणाऱ्यांची जीभ गोड राहो, आणि कशानं गोड झाली तेही त्यांना कळो.