मोरीकाठची गुटगुटीत परी

त्या दिवशी नेहमीसारखाच चुलीवर पालक रटरटत होता, आणि यमूची आई सुभद्रा शेवंतीच्या वेण्या गुंफता गुंफता धापा टाकत होती. एवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन दारात आल्या.

"मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया," त्या म्हणाल्या.

"अगं बाई, एवढं लांबलचक? गरिबाला छोटंसं नाही का हो चालायचं?"

"फोलेट नावाचं जीवनसत्त्व कमी पडलंय. ते नसलं की रक्तातल्या लाल पेशी नीट वाढत नाहीत. नुसत्या फुगून भोपळे होतात. भोपळे मोठे, पण थोडेच! या गोळ्या रोज घ्या. आणि पालेभाजी खा."

"ती तर रोजच खातो!"

आईचे ओठ जाईच्या कळीसारखे पांढरे दिसत होते. डोळे पुसत यमू परसात गेली. तिथे मोरीच्या पाण्यावर माजलेल्या हिरव्यागार अळूखाली एक इवलीशी परी बसली होती. चमचमते पंख, सोनेरी झबलं आणि गाल कसे डाळिंबासारखे! सकाळपासून जपलेला अर्धा पेरू यमूने तिच्यापुढे धरला.

"गुणाची गं बाय माझी! तीन इच्छा माग. पण स्वतःसाठी नाही हं. आणि बोलशील तेच होईल."

"माझी आई लालचुटूक होऊ दे!"

घरातून किंकाळी आली. "यमे, आरशात मिरची दिसतेय गं!" आई केसांसकट लाल झाली होती. धापा मात्र तशाच.

"होती तशी कर, होती तशी कर!" दुसरी इच्छाही संपली.

यमू रडवेली झाली. "परीताई, आई कशाने बरी होईल ते खरं खरं सांग. हीच तिसरी."

परीने पंखांत तोंड लपवलं. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि... तुझी आई अंबाडीसारखी सगळीच भाजी उकडून पिळते, पाणी मोरीत ओतते. फोलेट त्या पाण्यात उतरतं गं."

"म्हणजे आईचं तू खाल्लंस?"

"प्यायले," परी पुटपुटली.

यमूला राग नाही आला. "मग आता तू काय पिशील?"

मग तिने घरात धाव घेतली आणि आईला सगळं सांगितलं.

त्या दिवसापासून पालकाच्या पाण्याचं लसणाची फोडणी दिलेलं सार होऊ लागलं. आईने गोळी एकदाही चुकवली नाही. हळूहळू तिच्या ओठांवर गुलाबी रंग चढला, आणि एके सकाळी वेण्या गुंफता गुंफता ती चक्क गाऊ लागली.

यमू परीसाठी साराची वाटी घेऊन परसात धावली. अळूखाली लख्ख सोनेरी उजेड पसरला. "शहाणी गं माझी! आई बरी झाली, माझं काम झालं!" एवढंच ऐकू आलं, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

वाटीतून अजून वाफ येत होती. परीला सार पाजायचं राहून गेलं.