आकड्याच्या जागी नाव

एकदा एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एक गुरू आणि एक शिष्य होते. विद्यापीठात गुरू-शिष्य असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे असे वाचकाला वाटेल. पण परीक्षा विभागाशी ज्यांचा संबंध आलेला आहे त्यांना त्याचे नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. गुरू म्हणजे तिथले वृद्ध संगणक-व्यवस्थापक. निवृत्तीचे वय उलटून गेले तरी विभागाने त्यांना सोडले नव्हते, कारण सर्व्हरच्या खोलीत कोणती तार कुठे गेली आहे हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. शिष्य त्यांच्या हाताखाली लागलेला तरुण, बुद्धीने तल्लख, आणि तल्लख माणसे असतात तसा थोडा उतावीळ. या गोष्टीत मी कुणाची नावे सांगणार नाही. एकच सांगेन, आणि तेही नाइलाजाने.

विभागातल्या प्रत्येक संगणकाला एक आयपी पत्ता असे, म्हणजे टिंबे देऊन लिहिलेले काही आकडे. सर्व्हरवरची फाइल कुणी उघडली किंवा उतरवून घेतली की तिची एक ओळ आपोआप नोंदली जाई. त्या ओळीत वेळ, फाइल आणि हा पत्ता. अशा ओळी रोज ढिगाने साठत. गुरू त्या काळ्या पडद्यावर तशाच वाचत बसत. शिष्याला मात्र त्या आकड्यांचा वीट येई. माणसाला नाव समजते, आकडा समजत नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि त्यात खोटे काही नव्हते.

त्या विभागात एक पद्धत होती. जो ज्या संगणकावर बसे त्याचेच आडनाव त्या संगणकाला दिलेले असे. शिष्याने याचा फायदा घेऊन एक छोटीशी कमांड लिहिली. नोंदीचा मजकूर तिच्यातून गाळून काढला की ती प्रत्येक पत्त्यापाशी थांबे, नावे सांगणाऱ्या सर्व्हरला ‘हा कोण?’ असे विचारी, आणि आकडा पुसून त्या जागी मिळालेले नाव ठेवून देई. पडद्यावर आकड्यांऐवजी ओळखीची आडनावे उमटू लागली. मजकूर जणू बोलू लागला. शिष्याने मोठ्या हौसेने ते गुरूंना दाखवले. गुरू म्हणाले की काम नेटके आहे, पण आकडा पुसू नकोस, नाव त्याच्या शेजारी लिही. शिष्याने मान डोलावली. पुढे करून पाहिले तेव्हा ओळी लांबल्या, मधेच मोडून खाली उतरू लागल्या आणि पान बेंगरूळ दिसू लागले, म्हणून त्याने ते सोडून दिले. एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा कोण विचारायला येणार होते?

काही दिवसांनी गुरू मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले. ते नसतानाच एक परीक्षा आली. पेपरच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका बाहेर फुटली, परीक्षा रद्द झाली, आणि विद्यार्थी फाटकापाशी येऊन बसले. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीचे काम रेंगाळले; तिला सर्व्हरची नोंद मागण्याची आठवण झाली तोवर बरेच दिवस उलटले होते. शिष्याने ती नोंद आपल्या कमांडमधून गाळली, स्वच्छ छापली आणि समितीपुढे ठेवली. एका ओळीत ती प्रश्नपत्रिका होती, दुपारच्या सुट्टीत उतरवून घेतलेली. ओळीच्या शेवटी नाव होते, आंबेरकर.

प्रमिला आंबेरकर या विभागातल्या जुन्या लिपिक. मितभाषी, वेळेवर येणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या म्हणाल्या की त्या वेळी मी सगळ्यांबरोबर डबा खात होते. समितीने म्हटले की मग तुमच्या संगणकावर दुसऱ्या कुणाला तुम्ही बसू दिले असेल. त्या म्हणाल्या की नाही. अध्यक्षांनी एकदा शिष्याकडे वळून खात्री आहे का असे विचारले. शिष्य म्हणाला, “सर्व्हरनंच दिलंय, सर. मी मनाचं काही लिहिलेलं नाही.” आंबेरकरबाईंना निलंबित केले गेले. त्या निघाल्या तेव्हा विभागातल्या माणसांनी आपापल्या पडद्यात डोकी घातली. शिष्यानेही घातले.

गुरू काळा चष्मा लावून परतले तेव्हा शिष्याने त्यांना सगळी हकीकत सांगितली. आपल्या कमांडमुळे चोर सापडला हेही त्याने सांगितले, जरा संकोचाने, पण सांगितले. गुरूंनी मूळ नोंद अजून आहे का एवढेच विचारले. आहे म्हटल्यावर ते आपल्या टेबलाकडे वळले. शिष्याला त्याचा राग आला. शाबासकी नको, पण एखादा शब्द तरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य आला तेव्हा गुरू त्याच्याही आधी येऊन बसले होते. विभागात अजून कुणी नव्हते. ते एकेका टेबलापाशी जात, संगणक सुरू करत, क्षणभर थांबत, पुढे जात. मधेच सर्व्हरच्या खोलीत जाऊन काही पाहून येत. शिष्याचा संगणक त्यांनी सुरू केला, बंद केला, दुसऱ्या दोन टेबलांवरून फिरून आले आणि पुन्हा सुरू केला. शस्त्रक्रिया डोळ्यांची झाली आहे की डोक्याची, असे शिष्याच्या मनात आले. मग गुरूंनी त्याला खुर्चीत बसवले आणि म्हणाले, “तीच नोंद घे. तुझी तीच कमांड. चालव.”

शिष्याने चालवली. तीच ओळ आली. तीच प्रश्नपत्रिका, तोच दिवस, दुपारच्या सुट्टीची तीच वेळ. ओळीच्या शेवटी त्याचे स्वतःचे आडनाव होते.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा त्याच्या मनात आंबेरकरबाई आल्याच नाहीत. कुणी आत्ता येऊन हा पडदा पाहिला तर आपले काय होईल, हे आले. बाई त्यानंतर आल्या, आणि मग मात्र त्याला वर पाहवेना.

गुरू शेजारी बसले. रागावणे त्यांच्या स्वभावात नव्हते; त्या दिवशी रागावले असते तर शिष्याला बरे वाटले असते. ते म्हणाले, “पत्ता म्हणजे घर नव्हे रे. धर्मशाळेची खोली आहे. संध्याकाळी आपली यंत्रं बंद होतात, खोल्या रिकाम्या होतात. सकाळी जो आधी उठेल त्याला जी मोकळी असेल ती मिळते. आज मी यंत्रं पुढंमागं सुरू करून ती खोली मुद्दाम तुझ्या यंत्राला मिळू दिली. तू विचारलंस, या खोलीत कोण आहे? कमांडनं खरं तेच सांगितलं, आज कोण आहे ते. त्या दिवशी कोण होतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि तू विचारलंही नाहीस. म्हणून आकडा पुसू नको म्हटलं होतं. आकडा दिसला की माणूस विचारतो, हा कोण? नाव दिसलं की विचारणं थांबतं. समितीचं थांबलं. तुझंही थांबलं.”

शिष्याने विचारले की त्या दिवशी तो पत्ता कोणत्या संगणकाला दिला गेला याची वेगळी नोंद असेल ना. गुरू म्हणाले की असते, पण जागा अडते म्हणून जुनी झाली की आपोआप पुसली जाते. पेपर फुटला त्याच आठवड्यात कुणी काढून ठेवली असती तर मिळाली असती. आता ती गेली.

शिष्य समितीकडे गेला आणि त्याने जे घडले ते सांगितले. समितीला ते आवडले नाही. मिटलेले प्रकरण पुन्हा उघडणे कुणाला आवडते? तरी आदेश मागे घेतला गेला. त्यात लिहिले होते की पुराव्याअभावी निलंबन रद्द करण्यात येत आहे. तो कागद टपालाने जाणार होता. शिष्याने तो मागून घेतला आणि स्वतः बाईंच्या घरी नेला.

बाईंनी त्याला स्वयंपाकघरातच बसायला सांगितले, पाणी दिले. आदेश वाचून घडी घालून ठेवला. शिष्याने क्षमा मागितली. कमांड कशी चुकली ते समजावू लागला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले.

“पेपर कुणी नेला ते कळलं का?” त्यांनी विचारले.

“नाही, मॅडम. आता कळणार नाही.”

“मग ती जागा रिकामीच राहणार,” बाई म्हणाल्या. “आणि लोकांना रिकामी जागा चालत नाही. तिथं माझंच नाव राहील. पुराव्याअभावी लिहिलंय ना यात? म्हणजे केलं असेल, पण सापडलं नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण एका वाक्यात जे बिघडवले ते दुरुस्त करायला आपल्यापाशी कोणतीही कमांड नाही, हे त्याला तिथे, त्या स्वच्छ पुसलेल्या ओट्यासमोर बसून कळले. तो उठला तेव्हा बाई दारापर्यंत आल्या.

“मी परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तेवढं माझ्या संगणकाचं नाव बदल. दुसरं कुणी बसेल आता त्यावर.”

विभागात परतल्यावर शिष्याने आधी ते काम केले. मग कमांड उघडली. आता ती आकड्याला हात लावत नाही. आकडा जिथल्या तिथे राहतो, त्याच्या शेजारी नाव येते, आणि नावाच्या शेजारी ते कोणत्या दिवशी विचारले ती तारीख. त्याने जुनी नोंद तिच्यातून पुन्हा एकदा काढून पाहिली. प्रश्नपत्रिकेच्या त्या ओळीत आज आणखी तिसऱ्याच कुणाचे आडनाव होते. मागून गुरू येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहू लागले.

“ओळी मोडतात रे,” ते म्हणाले.

“मोडू देत, सर,” शिष्य म्हणाला.

जे आपल्यासमोर घडले नाही त्यापुढे आपण कुणाचे नाव लिहितो, तेव्हा ते नाव आपल्याला केव्हा कळले, एवढे तरी शेजारी लिहून ठेवावे.