थेंबीला हवं चमचाभर पाणी

एक होती बेडकी. एवढीशी! करंगळीच्या नखाएवढी. नाव तिचं थेंबी.

थेंबी राहायची शालूकाकूंच्या परसात, कर्दळीच्या बुडाशी. तिथं होता एक शिंपला. शिंपल्यात होतं पाणी. पाण्यात बसायची थेंबी. पाठ ओली, पोट ओलं. थेंबी मजेत.

एक दिवस आली कोंबडी. तिनं माती उकरली. खर्र खर्र! शिंपला झाला पालथा. पाणी गेलं मातीत. कोंबडी गेली निघून.

थेंबीनं शिंपला ढकलला, ढकलला, सरळ केला. पण पाणी कुठून आणणार? ऊन तर वर आलं. थेंबीची पाठ सुकायला लागली. बेडकीची पाठ सुकून कसं चालेल?

"स्वयंपाकघरात पाणी असतं," थेंबी म्हणाली. आणि निघाली. टपक टुप, टपक टुप, उंबऱ्यावरून आत.

आत जमिनीवर भांडी होती. घासलेली, पुसलेली, चकचकीत. पहिला भेटला छोटा चमचा.

"चमच्या रे चमच्या, पाणी दे ना!
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

छोटा चमचा म्हणाला, "तुझ्या शिंपल्याला मी एकटा पुरे. पण मीच कोरडा! आधी मोठा चमचा मला देईल, मग मी तुला देईन."

थेंबी गेली मोठ्या चमच्याकडे. टपक टुप, टपक टुप.

"चमच्या रे चमच्या, पाणी दे ना!
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

मोठा चमचा म्हणाला, "माझ्या पोटात मावतात तीन छोटे चमचे. पण मीच कोरडा! आधी वाटी मला देईल, मग मी देईन."

थेंबी गेली वाटीकडे. टपक टुप, टपक टुप.

"वाटी गं वाटी, पाणी दे ना!
मोठा चमचा देईना छोट्या चमच्याला,
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

वाटी म्हणाली, "माझ्या पोटात मावतात आठ मोठे चमचे. पण मीच कोरडी! आधी पेला मला देईल, मग मी देईन."

थेंबी गेली पेल्याकडे. टपक टुप, टपक टुप.

"पेल्या रे पेल्या, पाणी दे ना!
वाटी देईना मोठ्या चमच्याला,
मोठा चमचा देईना छोट्या चमच्याला,
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

पेला म्हणाला, "माझ्या पोटात मावतात दोन वाट्या. पण मीच कोरडा! आधी तांब्या मला देईल, मग मी देईन."

थेंबी गेली तांब्याकडे. टपक… टुप. टपक… टुप. थेंबी आता दमली होती.

"तांब्या रे तांब्या, पाणी दे ना!
पेला देईना वाटीला,
वाटी देईना मोठ्या चमच्याला,
मोठा चमचा देईना छोट्या चमच्याला,
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

तांब्या म्हणाला, "माझ्या पोटात मावतात चार पेले. पण मीच कोरडा! आधी कळशी मला देईल, मग मी देईन."

कळशी होती कोपऱ्यात. मोठ्ठी! थेंबीनं मान वर केली, आणखी वर केली.

"कळशी गं कळशी, पाणी दे ना!
तांब्या देईना पेल्याला,
पेला देईना वाटीला,
वाटी देईना मोठ्या चमच्याला,
मोठा चमचा देईना छोट्या चमच्याला,
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

कळशी म्हणाली, "माझ्या पोटात मावतात दहा तांबे. पण मीच कोरडी! आधी नानूकाका मला विहिरीवर नेतील, मग मी देईन."

शालूकाकू पापड लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "मीच गेले असते गं. पण हात बघ माझे, पिठात! काका पडवीत आहेत. जा, उठव त्यांना."

नानूकाका पडवीत झोपले होते. घुर्रर्र… फूस. घुर्रर्र… फूस.

"काका हो काका!" थेंबीनं हाक मारली.

घुर्रर्र… फूस.

थेंबी उडाली अंगठ्यावर. टपक! काका हलले नाहीत. थेंबी उडाली गुडघ्यावर. टुप! काका हलले नाहीत. थेंबी उडाली पोटावर. पोट वर गेलं, थेंबी वर गेली. पोट खाली आलं, थेंबी खाली आली. काका काही उठेनात.

मग थेंबीनं जोर केला आणि उडाली थेट नाकावर!

"आ… आ… आक्छी!"

काका उठून बसले. "कोण गं तू?"

"मी थेंबी. काका हो काका, पाणी द्या ना!
कळशी देईना तांब्याला,
तांब्या देईना पेल्याला,
पेला देईना वाटीला,
वाटी देईना मोठ्या चमच्याला,
मोठा चमचा देईना छोट्या चमच्याला,
छोटा चमचा देईना शिंपल्याला,
शिंपला झाला रिकामा,
आणि थेंबीची पाठ सुकली!"

"अरे अरे!" काका म्हणाले. "घरात पाणीच नाही?"

"नाही म्हणजे नाही!" काकू आतून म्हणाल्या. "भाताला नाही, चहाला नाही. उठा आता!"

चहाला नाही म्हटल्यावर काका उठले. कळशी घेऊन विहिरीवर गेले. रहाट फिरला. कुईं कुईं! कळशी भरली. कळशी आली खांद्यावर बसून.

"कुठाय तुझा शिंपला?" काका म्हणाले. "ओतू कळशी?"

थेंबी मागे सरली. "नको, नको! मी वाहून जाईन!"

"मग तांब्याभर ओतू?"

"नको, नको! तरी वाहून जाईन!"

"मग किती हवं?"

"एक छोटा चमचा," थेंबी म्हणाली. "शिंपल्यात तेवढंच मावतं."

काकूंनी हात पुसले. "थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांडाल. मी देते मोजून."

कळशीनं दिलं तांब्याला. धबधब! कळशीत उरले नऊ तांबे.
तांब्यानं दिलं पेल्याला. घळघळ! तांब्यात उरले तीन पेले.
पेल्यानं दिलं वाटीला. झुळझुळ! पेल्यात उरली एक वाटी.
वाटीनं दिलं मोठ्या चमच्याला. चुळुक! वाटीत उरले सात मोठे चमचे.
मोठ्या चमच्यानं दिलं छोट्या चमच्याला. टिप टिप! मोठ्या चमच्यात उरले दोन छोटे चमचे.
आणि छोट्या चमच्यानं दिलं शिंपल्याला. टिप्प!

छोट्या चमच्यात काही उरलं नाही. शिंपला भरला काठोकाठ.

थेंबी उडाली. डुबुक!

काकूंनी भाताला आधण ठेवलं. काकांनी चहा ठेवला. मग काका शिंपल्यापाशी आले, हळूच वाकले आणि म्हणाले, "थेंबे, आणखी एक चमचा घालू का गं?"

 पण पाण्यात बसल्या बसल्या थेंबीला झोप लागली होती.

काकूंनी भांडी घासली,
पालथी घालून ठेवली,
आणि थेंबीची गोष्ट तिथंच निजली.