निळ्या खसखशीची कुंडी

"…आणि बाकीचे कोंब कुठं गेले?"

सोमगिरीबाबांनी कुंडीवरची नजर न काढता विचारलं. बारा दिवस खालच्या गावी राहून ते नुकतेच मठात परतले होते. अजून पायातले बूटही काढले नव्हते.

त्र्यंबक हातातली झारी ठेवून कुंडीशी खाली बसला.

साताऱ्याकडच्या एका कॉलेजात त्यानं वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. हिमालयातल्या या मठात शिष्य म्हणून आला, तेव्हा पहिल्याच दिवशी अंगणातल्या चाळीस झाडांची लॅटिन नावं त्यानं धडाधड म्हणून दाखवली. बाबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि त्याला रोपांना पाणी घालायचं काम दिलं.

"वरच्या खिंडीतली निळी खसखस ही," बाबा म्हणाले. "तो कडाच दरडीत गेला. एवढंच बी उरलं होतं. दोन हिवाळे कुंडी बर्फाखाली ठेवली, तेव्हा कुठं उगवली. मी निघालो तेव्हा बारा कोंब होते."

"पाखरांनी खाल्ले असतील…"

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. पन्नाशीचा माणूस शाळकरी पोरासारखा खोटं बोलला होता.



"पाखरांनी नाही, बाबा. मी… मीच उपटले."

"खरी पानं येईपर्यंत हात लावू नकोस म्हणालो होतो."

"म्हणाला होतात. कोवळेपणी पहिली दोन पानं फसवतात, हे मीच मुलांना शिकवायचो. पण अकरा कोंब अगदी मरतुकडे, आणि हा एकच कसा जाडजूड, तजेलदार! वाटलं, हीच खसखस, बाकीचं तण. तुम्ही याल तेव्हा कुंडी स्वच्छ दिसेल, पाठ थोपटाल…"

"मग?"

"रोज त्याला पाणी घालायचो. लाडानं निळू म्हणायचो." त्र्यंबकानं रोपाचं एक पान उलटं केलं. "काल खरी पानं उघडली. कडा दातेरी, मागे पांढरं पीठ. चाकवत आहे, बाबा. नुसतं चाकवत! आमच्या मंडईतल्या भाजीवालीनंसुद्धा एका नजरेत ओळखलं असतं."



त्र्यंबकाला मान वर करवेना. त्या कड्यावरची शेवटची फुलं त्यानं दोन बोटांच्या चिमटीत संपवली होती, आणि तेही शाबासकीसाठी. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मला क्षमा करा. त्या अकरा जिवांचीही मी क्षमा मागतो. मी इथं राहायच्या लायकीचा नाही. आजच खाली उतरतो."



त्र्यंबक उठला. जाता जाता त्याची नजर पुन्हा कुंडीवर गेली. ते रोप ऐटीत उभं होतं. त्याला ते बघवेना. दात-ओठ खाऊन त्यानं त्याच्या बुंध्याला हात घातला…

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"बाबा, सोडा. हे तर तणच आहे!"

बाबांनी एकेक करून त्याची बोटं सोडवली. मग वाकून रोपाच्या मुळाशी सैल झालेली माती अंगठ्यानं हलकेच दाबली.

"इतके दिवस याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारलीस," बाबा म्हणाले. "त्या अकरांची क्षमा मागून झाली… याची कधी मागणार?"