सोनबाच्या हाती पडदा

एका गावात एक भोळा सोनबा होता. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे, आणि तीच पंचाईत होती.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न ठरलं. घराची खिडकी रस्त्यावर, आणि उघडीबोडकी. शेवंता म्हणे, असू दे, वारा येतो. आई म्हणे, वाऱ्याबरोबर गावाचे डोळेही येतात. लग्न लागेपर्यंत आईला गावात चर्चा नको होती.

"सोनबा, खिडकीला पडदा लाव. कणभर फट नको."

सोनबानं चारी बाजूंनी खिळे ठोकून पडदा लावला. भर दुपारी घरात मिट्ट काळोख. नेमके तेव्हाच व्याही आले. आईनं चाचपडत केलेल्या चहात मीठ पडलं. व्याह्यांनी तो मुकाट्यानं संपवला आणि ठेचकाळत बाहेर पडले.

"अरे शहाण्या, दिवसा पडदा सारायचा असतो. उजेड आत नको यायला?"

"बरं," सोनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गोदामावशीकडे विळा मागायला गेला. अंगणातल्या न्हाणीला गोणपाटाचा पडदा होता. दिवस चांगला वर आलेला. सोनबानं पडदा सारला.

"मावशी, उजेड येऊ दे."

मावशीनं त्याच्या कपाळात तांब्या हाणला.

आई म्हणाली, "मुडद्या, पडद्याआड बाईमाणूस असलं की पडद्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या पुरुषालाही लावू द्यायचा नाही."

"बरं."

शुक्रवारी तो देवीच्या देवळात गेला. गाभाऱ्याला पडदा होता, आणि पुजारी लुगडं घेऊन आत शिरत होता. सोनबानं त्याच्या धोतराचा सोगा धरला.

"कुठं निघालात? आत बाईमाणूस आहे."

"अरे, मी देवीला लुगडं नेसवतोय."

"म्हणूनच धरलंय."

देवी दुपारपर्यंत पारोशी राहिली. पुजाऱ्याची समजूत काढून आई घरी आली.

"गाढवा, पुजारी देवीच्या घरचाच. अडवायचं ते परक्याला, घरच्या माणसाला नाही. एवढं ध्यानात ठेव, म्हणजे माझ्या पोरीचं लग्न लागेल."

"बरं."

लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरायचा होता. कापड धरून उभं राहण्यात हा काय दिवे लावणार, असं आईला वाटलं. एक टोक भटजींनी धरलं, दुसरं सोनबानं. मंगलाष्टकं संपली. भटजींनी हात सैल केला. सोनबानं अख्खा अंतरपाट ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला.

"सोड की रे," भटजी म्हणाले.

"पलीकडं परका पुरुष आहे."

"अहो दादा, मी नवरा आहे," नवरदेव म्हणाला.

"तिनं माळ घातलीय का तुम्हाला?"

"पडदा काढल्याशिवाय कशी घालील?"

"आणि माळ घातल्याशिवाय मी पडदा कसा काढीन?"

भटजी विचारात पडले. मुहूर्त टळायला आला. शेवंता मान खाली घालून, माळ उचलून उभी. बिचारीचे हात भरून आले होते. शेवटी आईच धावली. नवरदेवाला बाजूला ढकलून ती अंतरपाटासमोर उभी राहिली.

"मेल्या, दे तो इकडं."

सोनबानं वरून डोकावून पाहिलं. आता पलीकडे घरचंच माणूस होतं. त्यानं अंतरपाट सोडला. वाजंत्री कडाडली, अक्षता पडल्या, आणि मान खाली घातलेल्या शेवंतानं समोरच्या गळ्यात माळ घातली.

सोनबा लगेच आईच्या पाया पडला. म्हणाला, "जावईबापू, आमच्या शेवंताला नीट सांभाळा."