नऊ नंबरची घडी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे तसा नव्हतो. पण ज्याच्याकडून ऐकली तोही नव्हता, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचा प्रश्नच आला नाही.

“मग सेक्शनच्या फळ्यावर माझं नाव का नको?” नाईकनवरेनं विचारलं.

हवाई तळावरच्या पॅराशूट सेक्शनचा हा कॉर्पोरल. बुधवारी आकाशात विमान बिघडलं, वैमानिक खुर्चीसकट बाहेर उडाला आणि नाईकनवरेनं घडी घातलेल्या नऊ नंबरच्या पॅराशूटनं त्याला ज्वारीच्या रानात अलगद उतरवलं. शुक्रवारी सत्कार झाला. हार वैमानिकाला. ‘जमिनीवरच्या सर्व सहकाऱ्यांना’ मिळून एक वाक्य.

वॉरंट ऑफिसर गावित कात्र्या मोजत होते. सेक्शन त्यांना बुवा म्हणे.

“सात,” बुवा म्हणाले. “एक कमी आहे.”

नाईकनवरेनं खिशातली काढून दिली. “बुवा, मी नावाचं विचारतोय.”

“ऐकलं.”

बुवांनी त्याच्या हातात खडू ठेवला. “लिही.”

नाईकनवरे हरखून फळ्याशी गेला. “नुसतं आडनाव, की हुद्द्यासकट?”

“बुधवारी सव्वादहाला मला सांगितलंस, ते नाव.”

…

बुधवारी सव्वादहाला एवढंच कळलं होतं, की वैमानिक बाहेर पडलाय. पॅराशूट उघडलं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी कुठली घडी घातली त्याचं रजिस्टर अधिकारी येऊन सील करून घेऊन गेले होते. नऊ नंबर कुणाची, असं बुवांनी विचारलं, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याच्या रिकाम्या टेबलाकडे बघत नाईकनवरे म्हणाला होता,

“सावंतची असेल बहुतेक.”

दोन तासांनी वैमानिक सापडला. कुणाच्या तरी ओसरीवर ताक पीत बसला होता.

“बुवा… सावंतला बोललात का?” आता खडू हातात धरून नाईकनवरेनं विचारलं.

“काय?” बुवांनी आठवी कात्री जागेवर लावली.

नाईकनवरेच्या छातीवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात तो वैमानिकच दारात उभा राहिला. मानेला पट्टा, हातात पेढ्यांचा पुडा.

“नऊ नंबर कुणी बांधली?”

नाईकनवरेनं खडू खाली ठेवला.

“सेक्शननं, सर.”

वैमानिकानं सेक्शनमधल्या अकराही जणांशी हात मिळवला. नाईकनवरेनं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

“सर, ताक कसं होतं?”

“आंबट.”

“बरं झालं,” नाईकनवरे म्हणाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वैमानिक गेला. नाईकनवरे आपल्या पंजाकडे बघत उभा.

आता कबूल करतो. खडूचं मी रचलं. त्या सेक्शनला फळाच नव्हता. सावंतचं खरं आहे, आणि ताकही. बुवा त्या दिवशी बोलले ते एवढंच:

“हात गरम होता ना? मग मांडणीत नऊची जागा रिकामी आहे. नव्या घडीला बस.”